आधी वाळू

धाकटीने दवाखान्यातल्या माशांच्या टाकीच्या कोऱ्या काचेवर आधी वाळू ओतली, आणि थोरलीचा हात बादलीच्या कडीवरच थांबला.

चूक होती ती. साधीसुधी नाही, चांगली घसघशीत. खाऱ्या पाण्याच्या टाकीत आधी दगड बसवायचे, थेट तळाच्या काचेवर, आणि मग भोवतीने वाळू पसरायची. उलटं केलं की सगळा डोलारा वाळूच्या भरवशावर उभा. त्यात डॉक्टरीणबाईंना हव्या होत्या वाळू उकरणाऱ्या कोळंब्या. पंधरा दिवसांत त्यांनी खालून बिळं पाडली असती आणि दगड धाडकन काचेवर आले असते. आणि हे धाकटीला शिकवलं कोणी? थोरलीनेच. एकदा नाही, शंभरदा.

थोरलीने तोंड उघडलं, आणि परत मिटलं.

खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. गेली अकरा वर्षं बादल्या तिने उचलल्या होत्या, मीठ तिने कालवलं होतं, पाण्याचा खारेपणा तिने मोजला होता. धाकटी शेवटी यायची, दहा दगड इकडचे तिकडे करायची आणि लोक म्हणायचे, "काय हात आहे हो!" पेपरात फोटो आला त्यात धाकटी मधोमध हसत होती. थोरलीचं फक्त कोपर आलं होतं, तेही बादलीसकट. ते पान धाकटीने हौसेने चौकटीत लावून दोघींच्या दुकानात टांगलं. थोरली रोज त्याच्याखाली बसून चहा प्यायची आणि रोज जळायची.

"ताई, दगड दे ना."

थोरलीने ओल्या वर्तमानपत्राखालून दगड काढला. समुद्रातला जिवंत दगड, भोकाभोकांचा, आत किडे, शेवाळ, काय काय नांदत असलेला. सुकला की मेला. म्हणून तिने त्यावर खारं पाणी फवारलं आणि पुढे केला. धाकटीने तो वाळूवर ठेवला. मग दुसरा. मग त्यांच्यावर कमान.

"ताई, हा हलतोय का गं?"

"नाही."

"नीट बघ ना. खालून बघ."

घ्या! हिला आता कौतुकसुद्धा मागून हवंय, थोरलीने मनात म्हटलं. पेपरात काय आली, बाईसाहेबांना वाळू आधी की दगड आधी हेही आठवेना. पडू दे. एकदा पडू देच. मग कळेल सगळ्यांना, हे दुकान कोणाच्या जिवावर चाललंय ते.

तरी मनाला बरं वाटेना. काच फुटली तर मासे तडफडतील. खाली बाकावर एखादं पोर बसलेलं असलं तर? पण मग तिला वरचा मजला आठवला. तिथे मुलांच्या वॉर्डात दुसरी टाकी लावायची होती. ती कोणाकडे द्यायची, ते डॉक्टरीणबाई आज ठरवणार होत्या. थोरलीला ती हवी होती. इतकी हवी होती की मिठाच्या रिकाम्या पिशवीवर तिने त्या टाकीचं चित्र काढून ठेवलं होतं. एक टाकी, फक्त एक, पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत आपली. आणि तीही ही सटवी घेऊन जाणार.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या. टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. धाकटी पटकन बाजूला झाली.

"माझं झालं," ती म्हणाली. "पण पाणी भरण्याआधी ताईला विचारा. काही चुकलं असेल तर ती सांगेल."

डॉक्टरीणबाई थोरलीकडे वळल्या. बहुधा पहिल्यांदाच. "काय हो, ठीक आहे ना सगळं?"

थोरलीच्या जिभेवर अगदी आलं होतं. वाळू काढा. पाच मिनिटांचं काम. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी तिच्याकडेच बघत होती, श्वास रोखून, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरीसारखी. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"झकास जमलंय," ती म्हणाली. "नाव ठेवायला जागा नाही."

"मग वरचीही तुम्हीच करा," डॉक्टरीणबाई धाकटीला म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारत आत गेल्या.

धाकटीला आनंद व्हायला हवा होता. पण तिने बाह्या सरसावल्या, कमानीचा वरचा दगड उचलला आणि परत ओल्या कागदात ठेवला. मग दुसरा.

"अगं, हे काय करतेयस?"

"वाळू काढायचीय. दगड काचेवर बसवायला नकोत?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तूच तर शिकवलंस." धाकटीने मान वर केली नाही. "मी आठवडाभर डॉक्टरीणबाईंच्या कानीकपाळी ओरडतेय, खरी जाणकार ताई आहे, वरची टाकी तिला द्या. त्या म्हणे, ती तर बादल्या उचलते. मग म्हटलं, त्यांच्या देखत माझी चूक तूच पकडावीस. तुझ्या नजरेतून ती सुटणार नाही, एवढी खात्री होती मला."