समोरची रांग
दाएशवाल्यांना, म्हणजे इसिसच्या लोकांना, हुसकावल्यावर आम्ही इराकमधल्या आमच्या गावी, बख्दीदाला परतलो, त्यानंतरचा तो पहिला नाताळ. आमच्या चर्चमध्ये जन्मगीत दोन रांगा गातात. एक रांग ओळ म्हणते, समोरची उत्तर देते. पूर्वी एकेका रांगेत वीस बायका असायच्या. त्या दुपारी सरावाला दोघीच आलो, मी आणि माझी नणंद नहरीन. तिने मला न विचारता माझ्या एकुलत्या एका मुलाला, तिकडे जगेल तरी म्हणून, स्वीडनला पाठवलं होतं. तेव्हापासून चार वर्षं मी तिच्याशी अबोला धरला होता. "एक इकडे उभी राहा, एक तिकडे," फादर म्हणाले. "तुमचं भांडण मिटेपर्यंत येशू जन्मायचा थांबणार नाही." मी तिच्याकडे न बघता सुरुवात केली. समोरून उत्तर आलं, पूर्वीसारखंच खणखणीत. गाता गाता माझ्या आवाजातला राग कधी गळून पडला, मलाच कळलं नाही. तिसऱ्या कडव्यात आई बाळाला पांघरूण घालते, त्या ओळीला मी मधेच थांबले. नहरीन आपली जागा सोडून माझ्या बाजूला आली आणि माझा हात धरून तिने माझी ओळ पूर्ण केली. "वन्सं, आता समोरून उत्तर कोण देणार?" मी विचारलं. "देईल देव कुणाला तरी बुद्धी. तू गा." आम्ही दोघींनी ती ओळ पुन्हा म्हटली. तेवढ्यात जळकं छप्पर दुरुस्त करणाऱ्या गवंड्यांनी वरून उत्तर दिलं, बेसूर, पण एकही शब्द न चुकता. नहरीन हसायला लागली. मग पुढची ओळ आम्ही मान वर करून म्हटली.