हातावरचं दही

"हात पुढं कर," रत्नाबाई म्हणाल्या.

भंडाऱ्याच्या कलेक्टर ऑफिसच्या फाटकात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला होता. तृप्ती मेश्राम संकोचली.

"आजी, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. मोठ्या कामाले जाणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवाच लागते. माह्या हातचं दही आजवर वाया नाही गेलं."

तृप्तीनं मुकाट्यानं हात पुढं केला. आंधळगावात रत्नाबाईंना सगळेच आजी म्हणत, आणि त्यांच्यापुढं कुणाचं फारसं चालत नसे.

तृप्ती आमदार धर्मेंद्रभाऊंच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर बसायची. कार्यालय म्हणजे भाऊंच्या घराचीच पुढची खोली. उन्हाळ्यातल्या एका दुपारी भाऊंनी त्या खोलीचं दार आतून लावलं आणि तिला धरलं. तिनं बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार केली. त्यानंतर गावानं तिला जे म्हटलं ते इथं लिहिण्याच्या लायकीचं नाही. बाप म्हणाला, मागं घे. आई फाट्यापर्यंत आली आणि परत फिरली. आज शेवटची सुनावणी होती. अर्जात साक्षीदार एकही नव्हता. तक्रार टिकली नाही तर खोटारडी हे नाव जन्माचं चिकटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती एसटीत चढली. पुढच्या थांब्यावर रत्नाबाई चढल्या आणि न विचारता तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"आजी," तृप्ती आता हळूच म्हणाली, "मी अर्जात तुमचं नाव घेतलं नाही. आताबी घेणार नाही. तुम्हाले तिथंच राहाचं आहे."

"तू तुह्यं सांग. माह्यं मी पाहीन."

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इस्त्रीचा साधा ड्रेस, ताठ मान, कोरडे डोळे. म्हातारीचा ऊर भरून आला.

"पोर असावं तं असं," त्या म्हणाल्या.

एवढ्यात भाऊंचा कार्यकर्ता विनोद पळत आला.

"आजी, तुम्ही काहून आल्या इथं? एवढ्या उन्हात! गाडी लावतो, घरी चला."

"मले एसटीत अर्धंच तिकीट लागते. तू गाडी तुह्या भाऊले ठेव."

विनोद ओशाळून बाजूला झाला. मागून भाऊंची पांढरी गाडी आलीच. म्हातारी दिसली की वाकायचं, ही भाऊंची जुनी सवय. निवडणुकीत त्यांचे तसे फोटो चौकाचौकात लागत. आताही समोर दोन पत्रकार उभे होते, आणि भाऊ वाकले. रत्नाबाईंनी पाय मागं घेतले. भाऊंचा हात नुसताच फरशीला लागला.

आत समितीच्या अध्यक्ष चंद्रकांता मॅडमनी रत्नाबाईंना सोबत म्हणून बसू दिलं. तृप्तीनं सगळं सांगितलं. आवाज कुठंही कापला नाही. भाऊ खिडकीबाहेर बघत बसले.

"कोणीतरी बाहेरून कडी वाजवली, म्हणून मी सुटले," ती म्हणाली.

"कोणी?" मॅडमनी विचारलं.

तृप्तीनं रत्नाबाईंकडे पाहायचं टाळलं.

भाऊंनी वकील खास नागपूरहून आणला होता. तो हसला.

"कोण वाजवणार, मॅडम? माझ्या अशिलांनी लेखी दिलं आहे. घरची सगळी मंडळी त्या दिवशी पवनीला लग्नाला गेली होती. घरात कोणीच नव्हतं."

"मी होती ना," रत्नाबाई उभ्या राहिल्या. "म्हातारं माणूस कोणी मोजत नाही. मी दाराभायेरच्या सपरीत तांदूळ निवडून राहिली होती. आतून पोरीचा आवाज आला. मी कडी वाजवली, दार उघडेपर्यंत वाजवतच राहिली. पोर रडत भायेर निंगाली. तिची ओढणी आतच पडून होती. ती मीच उचलून तिच्या घरी नेऊन देली."

तृप्तीच्या डोळ्यांना तेव्हा कुठं पाणी आलं. भाऊंनी वकिलाची बाही ओढली. पण वकील रंगात आला होता. त्यानं हात सोडवून घेतला.

"तुम्ही आमदारसाहेबांच्या घरी कामाला होता?"

"जलमभर."

"आणि ही अर्जदार तुमची नात. बरोबर?"

"नाही. ती मेश्रामाची पोर. आमचं ना नातं ना गोतं."

"मग साहेबांवर राग कसला? कामावरून काढलं? विरोधी पक्षानं पाठवलं? स्पष्ट सांगा."

भाऊंनी पुन्हा बाही ओढली. मॅडमनी हात वर करून वकिलाला गप्प केलं.

"आजी, नोंदीसाठी विचारते. आमदारांशी तुमचं काही नातं आहे का?"

रत्नाबाईंनी पदर सारखा केला. मांडीवरचा रिकामा डबा त्या उभ्या राहताना हातातच राहून गेला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच भाऊंकडे सरळ पाहिलं.

"इलेक्शनचा फॉर्म भराले निंगाला का दर टायमाले ह्याच डब्यातलं दही ठेवलं त्याच्या हातावर. माह्या पोटचा आहे तो, बाई."