दहा नंबरचा पाना

दुसऱ्यावरून तिसरा पडेना. पुष्करनं क्लच दाबला, बुटाचं टोक गिअरच्या दांड्याखाली सारलं, तर ते आत शिरेचना. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून नुसता उच्छाद मांडला. त्यानं मोटरसायकल कशीबशी कडेला घेतली. मानेसरला गाडीचं गिऱ्हाईक वाट बघत होतं आणि हा अजून नोएडातच.

वाकून बघितलं तर दांडा खाली सरकलेला. गेल्या रविवारीही असाच होता. तेव्हा त्यानं स्वतः तो वर घेऊन आवळला होता. त्यानंतर गाडीला हात लावला नव्हता. ऑफिसला तो मेट्रोनं जायचा. सैल होऊन घसरला म्हणावं, तर दांडा चांगला घट्ट होता. कोणीतरी मापानं बसवल्यासारखा.

त्यानं हत्यारांचा डबा उघडला. सगळं होतं, फक्त दहा नंबरचा पाना नव्हता. मग टाकीत डोकावला. तळाला गेलेलं पेट्रोल निम्म्यावर आलं होतं. आता मात्र पुष्कर चक्रावला. हा कसला चोर? पाना पळवतो आणि वर पदरचं पेट्रोल भरून ठेवतो? शेजारचा गौरव असेल? छे, गौरव दुसऱ्याच्या चाकात फुकटची हवासुद्धा भरणार नाही.

त्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला. "भाईसाब, गिअर ज़रा अटक रहा है. ठीक करके शाम तक लाता हूँ."

"आज ले आओ यार, वरना मैं दूसरी देख रहा हूँ."

दुसऱ्या गिअरमध्येच गाडी रडवत तो घराकडे निघाला. बाबा गेल्यापासून तो रविवारी तेवढी एक चक्कर मारायचा, एरवी ती पार्किंगमध्ये उभीच असायची. विकायचं म्हटल्यावर आई एवढंच म्हणाली होती, "राहू दे ना रे." त्यानं विचारलं होतं, "पण चालवणार कोण?" त्यावर ती भांडी आवरायला लागली. बाबांची आठवण, दुसरं काय, असं त्याला वाटलं होतं. जन्मभर ती या गाडीवर बाबांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली. मान खाली, नजर बाबांच्या गिअरवरच्या पायाकडे.

दारात त्यानं बूट काढले. डाव्या बुटावर, बोटांच्या वर, नेहमीचा काळा पट्टा होता. गिअर उचलून उचलून पडलेला. शेजारी आईचे पांढरे कॅनव्हासचे बूट होते. रोज पहाटे ती फिरायला जायची, त्यासाठी घेतलेले. उजवा स्वच्छ होता. डाव्यावर, बोटांच्या वर, तस्साच काळा पट्टा होता.

पुष्करनं तो बूट उचलून पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग आत गेला. आई ओट्याशी मटार सोलत होती. तिनं वळून बघितलं नाही.

"झाला का सौदा?" तिनं विचारलं.

"नाही अजून. आई, दहा नंबरचा पाना बघितलास कुठं?"

आईनं मटार बाजूला सारले.

"माझ्या पर्समध्ये आहे," ती म्हणाली. "पण दांडा फार वर नको घेऊस. माझा तिसरा पडत नाही."