जुन्या हाताचा दाब

कासारीण गजराबाईंच्या मनगटाला बसवलेल्या नव्या यांत्रिक हाताने सकाळपासून नऊ बांगड्या वाढवल्या, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकं परत पाठवली. जुना हात अकरा वर्षांत बायकांचे पंजे ओळखायला शिकला होता. पण ते शिक्षण बत्तीस बिटच्या जुन्या सॉफ्टवेअर पॅकेजात होतं, आणि नवा हात चौसष्ट बिटचा. कंपनीच्या नियमाप्रमाणे हात बसवणाऱ्या नयनाने काल जुनं सगळं पुसून टाकलं होतं.

दुपारी ती आपणहून परत आली आणि थोडा वेळ नव्या हाताला वायर जोडून बसली.

"काकू, नियम गेला खड्ड्यात. तुमचं दाबाचं जुनं पॅकेज शोधून परत घातलंय, ते चालायला लागणाऱ्या दोन लायब्रऱ्यांच्या फायलींसकट. नव्याच्या शेजारी सुखाने नांदेल. भरा माझ्या हातात."

"अगं, काच लागली तर?"

"म्हणून तर माझाच हात पुढे केलाय."

गजराबाईंनी जीव मुठीत धरून नव्या हाताने तिचा पंजा दाबला. तिच्या अंगठ्याखालचा गड्डा आपसूक मऊ पडला आणि हिरवी काच अलगद मनगटावर उतरली. मग दुसरी, मग तिसरी.

बांगड्या भरून झाल्यावर नयना रीतीप्रमाणे कासारणीला नमस्कार करायला वाकली. गजराबाईंनी तिला अर्ध्यातच धरलं.

"थांब पोरी. आज नमस्कार माझा," म्हणत त्यांनी तिचा भरलेला हात आपल्या कपाळाला लावला.