टाच न हलणारे बूट

"नातीसाठी हवेत का?" स्केट्सच्या दुकानदाराने विचारलं.

"नाही, मलाच," शैलजाताई म्हणाल्या. गेल्या हिवाळ्यात कॅनडात एडमंटनला मुलाच्या दारातच बर्फावरून घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. त्यानंतर वसंत ऋतू येईपर्यंत त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. यंदा मात्र बर्फावर उभं राहायला शिकायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुकानदाराने आधी मऊ बूट दिले. पाय सुखावला, पण टाच आत वरखाली होत होती. दुसरे इतके कडक होते की नाड्या आवळताना बोटं लाल झाली. घोटा मात्र जागचा हलेना. "हेच द्या."

कडक चामडं रुळावं म्हणून, तळाच्या पात्यांवर प्लॅस्टिकची कव्हरं चढवून त्या ते बूट रोज घरात घालू लागल्या, पोळ्या लाटताना, सांगलीच्या बहिणीशी फोनवर बोलताना. टाचांना फोड आले तशी त्यांनी पट्ट्या चिकटवल्या. मुलगा कौस्तुभ वैतागला.

"आई, राहू दे ना. या वयात कशाला?"

"चामडं हट्टी आहे रे, पण माझ्याइतकं नाही."

हळूहळू चामडं घोट्याशी दुमडू लागलं, तेव्हा त्या स्केटिंगच्या बर्फाळ रिंकवर गेल्या. पहिल्याच दिवशी दाणकन आपटल्या. बर्फावर बसून त्यांनी मनगट फिरवून पाहिलं, गुडघा टेकला आणि उठल्या. कठडा धरून, मग सोडून, थोडं थोडं सरकत कोपऱ्यापर्यंत पोचल्या. कठड्यापलीकडून घाबऱ्याघुबऱ्या कौस्तुभने हात पुढे केला.

"हात मागे घे," त्या म्हणाल्या, "मला वळायचंय."