कॉलरच्या आतली पट्टी

बाबांचा करडा शर्ट अखेर सापडला. सुनेच्या कपाटात, चादरींच्या मागे, एका बंद पिशवीत. त्याच पिशवीत त्यांचा जुना चष्मा, बीपीच्या गोळ्यांचं जादा पाकीट, टॉर्च, एक टॉवेल. चार दिवस घरातल्या वस्तूंना पाय फुटले होते, त्या सगळ्या चालत चालत इथे येऊन बसल्या होत्या. आणि सगळ्या बाबांच्याच.

त्यांना दाट संशय होताच. परवा मुलगा आणि सून स्वयंपाकघरात कुजबुजत होते. बाबा पाणी प्यायला आत गेले, तशी दोघं एकदम भाजीचे भाव बोलू लागले होते.

चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस शर्ट हातात आला की आधी उलटा करून बघतो. कॉलरच्या आत पांढरी पट्टी शिवलेली होती. टाके वेडेवाकडे. पट्टीवर पक्क्या शाईने त्यांचं नाव, रक्तगट आणि एक फोन नंबर. नंबर मुलाचा नव्हता. लांबच्या गावी राहणाऱ्या लेकीचा होता.

म्हणजे आपल्याला लेकीच्या गळ्यात बांधून हे दोघं मोकळे होणार. तेही नाव-नंबर शिवून, पार्सलासारखं.

"बाबा, इथे काय शोधताय?" सून दारात उभी होती.

"माझी पाठवणी कधी आहे, तेवढं सांग."

"कसली पाठवणी? मागच्या आठवड्यात दोघं जण आले होते ना, नदीला पूर आला तर काय करायचं ते सांगायला. तुम्ही त्यांना विक्रेते समजून पिटाळलंत. मी जिन्यात गाठून सगळं विचारून घेतलं. पाणी चढलं की अंगात घालायचे कपडेसुद्धा वेगळे काढून ठेवले. तुम्हाला सांगितलं असतं, तर नदीकडे बघत खिडकीतून हलला नसता तुम्ही."

"मग यावर ताईचा नंबर कशाला? तुमचा का नाही?"

सून कपाटापाशी खाली बसली.

"आमचे फोन आमच्याच खिशात असतील, बाबा. पाण्यात."

तिने खालच्या कप्प्यातून आणखी तीन पिशव्या ओढल्या. मुलाचा शर्ट, तिचा ड्रेस, चार वर्षांच्या नातीचा फ्रॉक. सगळ्यांच्या आत तशीच पट्टी, तोच नंबर.

बाबांना स्वतःची लाज वाटली. ती लपवायला त्यांनी पट्टीला नख लावलं. टाका सुटला.

"कुणी शिवलंय हे?"

"मीच."

"एका गटांगळीत निघेल. माझा शिवणाचा डबा आण."

खिडकीशी बसून त्यांनी चारही पट्ट्या उसवल्या आणि एकेक करून पुन्हा शिवायला घेतल्या. स्वतःच्या हातावरही विश्वास नसल्यासारखा प्रत्येक टाका ते ओढून बघत होते. फ्रॉक सगळ्यात शेवटी घेतला.

"बाबा, तिचा एवढा घट्ट नको. मानेला टोचेल तिच्या."

"टोचू दे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी दोरा दुहेरी केला.