बियाला ठेवलेला दुधी

“त्याला हात लावायचा न्हाय!” तानाबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसूनच ओरडल्या. “बियाला ठेवलाय त्यो.”

वर स्लॅबवर संघप्रियाने चाकू खाली घेतला. विटांवर मांडलेले, माती भरलेले तेलाचे अठरा डबे, सिमेंटच्या पोत्यांत लावलेली वांगी, आणि कोपऱ्यातल्या पिंपात हा वेल. दोन दुधी कोवळेपणीच गळाले होते. तिसरा तेवढा धरला, त्याला सासूने, तानाबाईंनी, लाल चिंधी बांधली होती. चिंधी बांधलेला दुधी तोडायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सासऱ्यांनाही ठाऊक होतं. पण झटका येऊन उजवं अंग गेल्यापासून गणपतराव खाटेवर होते, आणि वर्षभरात त्यांनी तोंडाने मागितलेली ही पहिलीच गोष्ट. “दुधी. डाळ घालून.”

“मामांनी एवढंच मागितलंय, आत्या,” संघप्रिया खाली येऊन म्हणाली. “बाजारातला दिला तर थुंकून टाकतात. आपल्या गावच्या, मुरगूडच्या बियाचाच पायजे त्यांना.”

“पुढच्या साली खातील की.”

“पुढच्या साली? त्यांची तब्येत बघताय न्हवं?”

“बघतोय.” तानाबाई पायरीवरून उठल्या नाहीत. “ते ऱ्हाऊ दे. बी कवा काढायचं, सांग बघू.”

अठ्ठ्याण्णव सालचा पाऊस थांबल्यापासून हे रोजचंच झालं होतं. भाजीची देठं मातीत किती खोल पुरायची, तांदळाचं धुवण कुठल्या डब्याला घालायचं, दुधी हलवल्यावर आत बी वाजलं की मगच फोडायचा. एकदा सांगून बाईंचं भागत नसे, सुनेकडून परत म्हणून घेत. स्वतः मात्र वर चढायचं नाव नाही. नवरा खाटेला खिळलाय आणि ही बाई डब्यांची शाळा भरवते, याचा संघप्रियाला मनापासून राग यायचा.

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. “आईपुढं कुणाचं चालतंय व्हय?” म्हणत कृष्णात कामावर निघून गेला.

डिसेंबरात दुधीची साल टणक झाली. आता तो शिजणारही नव्हता. गणपतरावांनी मागणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मंगळवार हा तानाबाईंचा दवाखान्याचा वार. पिशवीत कागद घालून एकट्याच जायच्या आणि गोळ्या घेऊन यायच्या. या मंगळवारी त्यांना उठवेना. मामांच्या गोळ्या चुकायला नकोत म्हणून संघप्रियाने पिशवी उचलली. सासू नको नको म्हणत असताना ती बाहेर पडलीसुद्धा.

डॉक्टरांपुढे बसल्यावर तिने आधी मनातलं काढलं. “मामांना जे खावंसं वाटेल ते द्या, असं आत्यांना एकदा सांगा, डॉक्टर. तुमचं ऐकतील. पुढच्या सालापर्यंत थांबायला मामांचे किती दिवस राहिलेत?”

डॉक्टरांनी कागद उलटले, मग तिच्याकडे पाहिलं.

“गणपतरावांना काही होत नाही. नीट जपलंत तर चार-पाच वर्षं सहज काढतील. हे कागद तानाबाईंचे आहेत.”

संघप्रियाने कागद आपल्याकडे वळवून वरचं नाव वाचलं.

“मी त्यांना फेब्रुवारीपर्यंतचेच दिवस सांगितले होते,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “तर म्हणाल्या, ‘बास झालं की. तवर बी वाळतंय.’”